टाकीतलं खतपाणी: कालवायचं कसं आणि त्यात हवा किती द्यायची

नाशिक जिल्ह्यात विद्राव्य खतांची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षपट्ट्यात १३:००:४५ (पोटॅशियम नायट्रेट), ००:५२:३४ (मोनो पोटॅशियम फॉस्फेट), कॅल्शियम नायट्रेट ही नावं रोजच्या बोलण्यात असतात. त्यामुळे शेडमध्ये किंवा गच्चीवर हायड्रोपोनिक्स (मातीविना, नुसत्या खतपाण्यावरची शेती) सुरू करणारा इथला माणूस खतांच्या नावात अडत नाही. त्याला अडवतात त्या ठिबकच्या सवयी. ठिबकमधून सोडलेलं खत एकदा गेलं की गेलं. थोडं कमीजास्त झालं, थोडा साका बसला, तरी माती ते सावरून घेते. इथे मात्र तेच पाणी दहा-पंधरा दिवस फिरून फिरून मुळांशी येतं. कालवताना राहिलेली चूक तेवढे दिवस पिकाला भोगावी लागते आणि पाण्यातला प्राणवायू संपला तर मुळांना तो मिळण्याचा दुसरा रस्ता जवळपास नसतो.

पुढची मापं २०० लिटरचा निळा ड्रम आणि लेट्यूस, बेसिल, पालक यांसारखी पालेपिकं धरून दिली आहेत. टाकी मोठी असेल तर त्या पटीत वाढवा.

पाणी आधी तपासा

खताच्या पिशवीला हात लावण्याआधी नुसत्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप; इथले आकडे मिलीसिमेन्स प्रति सेंटिमीटरचे) आणि सामू (पीएच) मोजा. महापालिकेचं नळाचं पाणी धरणाचं असल्यामुळे सहसा सौम्य असतं. बोअरचं पाणी बेसाल्टच्या खडकातून येतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर असू शकतात. मीटरवर ईसी ०.४ च्या आत आला तर निश्चिंत राहा. ०.७-०.८ च्या वर गेला तर निम्मं आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी मिसळा. ‘पाण्यात आधीच क्षार आहेत, म्हणजे खत कमी टाकू’ हा हिशेब चुकतो. बोअरचा ईसी ०.८ असला तरी त्यात नायट्रेट, स्फुरद, पालाश किती हे तो आकडा सांगत नाही.

बायकार्बोनेटकडे जास्त लक्ष द्या, कारण सामू पुन्हा पुन्हा वर चढण्यामागे बहुतेक वेळा तेच असतं. माती-पाणी प्रयोगशाळेच्या अहवालात बायकार्बोनेटचा आकडा असतो. दर लिटरला ६१ मिलिग्रॅम म्हणजे १ मिलीइक्विव्हॅलंट. तेवढं मारायला १,००० लिटरला ८५ टक्के फॉस्फरिक ॲसिड साधारण ६८ मिली लागतं, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला १४ मिलीच्या आसपास. पण त्याबरोबर ३१ पीपीएम (दर लिटरला मिलिग्रॅम) स्फुरदही पाण्यात जातं. बायकार्बोनेट २४० च्या घरात असेल आणि सगळं फॉस्फरिकनेच खाली आणायला गेलात, तर स्फुरद गरजेच्या दुपटी-तिपटीवर जातं आणि लोह, झिंक अडकून बसतात. अशा पाण्याला आरओ मिसळणं हाच बरा मार्ग. नायट्रिक ॲसिड चालतं, पण ते धूर सोडतं आणि कातडी भाजतं. हाताला रबरी मोजे, डोळ्यांना चष्मा, उघडी जागा आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही.

ॲसिड टाकल्यावर पाण्याला तासभर हवा द्या, मग सामू पुन्हा मोजा. बायकार्बोनेटवर ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो पाण्यात विरघळलेला असेपर्यंत सामू खोटाच खाली दिसतो आणि वायू निघून गेला की आकडा वर सरकतो. रात्री ५.८ करून झोपलं आणि सकाळी ६.६ दिसलं, ही तक्रार इथूनच येते. मीटर बिघडलेला नसतो.

ए आणि बी वेगळेच का

खताची दोन दाट द्रावणं करून ठेवतात: ए मध्ये कॅल्शियम, बी मध्ये सल्फेट आणि फॉस्फेट. काचेच्या एका पेल्यात दाट ए द्रावण घ्या, त्यात थोडं दाट बी ओता. क्षणात पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि थोड्या वेळाने तळाला भुकटी बसते. कॅल्शियमने सल्फेट आणि फॉस्फेट दोघांनाही पकडलेलं असतं: जिप्सम आणि कॅल्शियम फॉस्फेट. हा साका ढवळून, गरम करून किंवा जास्त पाणी घालून पुरेसा परत विरघळत नाही. शंभरपट पातळ झाल्यावर मात्र तेच घटक एकत्र सुखाने राहतात. म्हणून दोन कॅन ठेवायचे आणि दोघांची भेट फक्त भरलेल्या टाकीतच होऊ द्यायची.

शंभरपट दाट द्रावणाचं, प्रत्येकी १० लिटरचं माप असं. यातून १,००० लिटर खतपाणी, म्हणजे पाच ड्रम होतात.

ए कॅन: कॅल्शियम नायट्रेट ७०० ग्रॅम, १३:००:४५ २०० ग्रॅम, चिलेटेड लोह (ईडीटीए, १२ टक्के) २० ग्रॅम.

बी कॅन: ००:५२:३४ १८० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४०० ग्रॅम, १३:००:४५ २०० ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचं द्रावण १०० मिली.

यातून नत्र साधारण १६०, स्फुरद ४०, पालाश २००, कॅल्शियम १३०, मॅग्नेशियम ४० पीपीएम मिळतं (स्फुरद आणि पालाश इथे मूलद्रव्य म्हणून धरलेत, पिशवीवरच्या ऑक्साइडच्या टक्क्यांनी नाही). आरओच्या पाण्यात ईसी १.५-१.६ च्या आसपास येतो.

सूक्ष्म अन्नद्रव्यं एका बॅचला (म्हणजे ए-बीच्या एका जोडीला) ग्रॅम-दोन ग्रॅमच लागतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती नीट मोजली जात नाहीत, म्हणून दहा बॅचची एकदाच करून ठेवा. एक लिटर पाण्यात बोरिक ॲसिड २० ग्रॅम, मँगनीज सल्फेट १५ ग्रॅम, झिंक सल्फेट (२१ टक्केवालं) ५ ग्रॅम, कॉपर सल्फेट म्हणजे आपला मोरचूद २ ग्रॅम. सोडियम मॉलिब्डेट १.२ ग्रॅम वेगळ्या १०० मिलीच्या बाटलीत, त्यातलं १० मिली एका बॅचला. हे वजन सोनाराच्या काट्यासारख्या छोट्या डिजिटल काट्यावर करा.

दुकानातून आणताना तीन गोष्टी बघून घ्या.

कॅल्शियम नायट्रेट बोरॉनयुक्त नको. द्राक्षासाठी ती पिशवी सर्रास पुढे केली जाते. त्यात साधारण ०.२५ टक्के बोरॉन असतं; वरच्या मापाने त्यातूनच पावणेदोन पीपीएम बोरॉन येईल आणि पालेपिकाला हवं असतं ०.३-०.४. पानांच्या कडा करपल्या की लोक कॅल्शियम कमी पडलं समजून तीच पिशवी आणखी टाकतात.

१९:१९:१९ नको. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाचं असतं. जमिनीत जिवाणू युरिया फोडून देतात. स्वच्छ टाकीत ते काम नीट होत नाही. शिवाय युरियाचे आयन होत नसल्यामुळे ईसी मीटरला तो दिसतच नाही.

फवारणीचं ‘ग्रेड २’ मिश्रण टाकीत नको. त्यात लोहापेक्षा झिंक जास्त असतं, कॉपरही भरपूर. फवारणीसाठी ते ठीक आहे, पण त्यातून लोहाची गरज भागवायला गेलात तर मुळांना झिंक-कॉपर बाधतं.

विरघळवताना १० लिटरच्या कॅनसाठी आधी ७ लिटर पाणी घ्या, सगळं विरघळल्यावर १० पर्यंत भरा. कॅल्शियम नायट्रेट आणि १३:००:४५ विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात. बादली हाताला गार लागते, पावसाळ्यात तिच्या बाहेर दव धरतं आणि तळाशी खडे तसेच राहतात. अशा वेळी काठीने घोटत बसण्यापेक्षा कोमट पाणी घ्या. कॅल्शियम नायट्रेटच्या दाण्यांवर गुठळ्या होऊ नयेत म्हणून तेलकट लेप दिलेला असतो. तो मातकट फेस होऊन वर येतो. जुन्या सुती कापडातून गाळलं की झालं. लोह सगळ्यात शेवटी टाका. दोन्ही कॅन काळे किंवा अपारदर्शक हवेत. प्रकाशात लोहाचं चिलेट मोडतं आणि बी कॅनला शेवाळ धरतं.

पावसाळ्यात कॅल्शियम नायट्रेटची उघडी पिशवी हवेतलं पाणी पिऊन ओलीगच्च होते. त्यानंतर ७०० ग्रॅम मोजले तरी त्यात खत किती आणि पाणी किती ते कळत नाही. आणल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

ड्रम भरणं आणि ढवळणं

ड्रमला बाहेरून १८० आणि २०० लिटरच्या खुणा करा. कंपनीच्या आकड्यावर विसंबू नका, मोजलेल्या बादलीने भरून खूण करा. १८० पर्यंत पाणी भरा, पंप सुरू करा, पाणी कठीण असेल तर ॲसिड आणि हवा आधी उरकून घ्या. मग पंपाची धार जिथे पडते तिथे २ लिटर ए हळूहळू ओता. १५ मिनिटं थांबा. मग २ लिटर बी, पुन्हा १५ मिनिटं. २०० पर्यंत पाणी भरा, ईसी बघा, मग सामू ५.८ वर आणा.

हे पंधरा मिनिटांचं थांबणं उगाच नाही. कूलरच्या पंपावर ताशी १,००० लिटर लिहिलेलं असलं तरी ते शून्य उंचीवर. दीड मीटर वर चढवताना ते निम्म्यावर येऊ शकतं. म्हणजे २०० लिटर एकदा फिरायलाच २५ मिनिटं लागतात. ढवळताना पंपाचं पाणी वर चढवू नका, ड्रममध्येच सोडा. नळीच्या तोंडाला एल्बो लावून धार ड्रमच्या कडेने आडवी मारली की सगळं पाणी गोल फिरतं. धार सरळ वरून सोडली तर वरचा भाग खळखळतो आणि ए-बीसारखं जड द्रावण तळाशी थरासारखं पडून राहतं. चौकोनी सिंटेक्स टाकीत कोपऱ्यांना हीच अडचण येते. तिथे पंप एका कोपऱ्यात आणि धार समोरच्या भिंतीच्या कडेला, अशी मांडणी करा.

मिसळलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. बाटली उपडी धरून तळाशी न्या, तिथे उलटवून भरा, त्याचा ईसी घ्या. मग वरच्या पाण्याचा घ्या. फरक ०.१ पेक्षा जास्त असेल तर अजून ढवळायचं आहे.

सामू उतरवायला १०० मिली फॉस्फरिक ॲसिड ९०० मिली पाण्यात ओतून पातळ करून ठेवा. एका वेळी १० मिली टाका आणि दहा मिनिटं वाट पाहा. थेट दाट ॲसिडची धार सोडली की तो आकडा हमखास ५ च्या खाली जातो आणि मग वर आणण्याची कसरत सुरू होते. मीटर ४ आणि ७ सामूच्या बफरमध्ये (ठरलेल्या सामूच्या द्रावणात) आठवड्यातून एकदा लावून घ्या. पेनचं टोक आरओच्या पाण्यात बुडवून ठेवू नका, ते लवकर मरतं. पोटॅशियम क्लोराइडच्या साठवणीच्या द्रावणात ठेवा.

टाकीत बुडणारी कोणतीही जोडणी पितळेची किंवा जीआयची (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाची) नको. पितळेतून कॉपर, जीआयमधून झिंक सतत सुटत राहतं. प्लास्टिक आणि फक्त प्लास्टिक.

हवा

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे हवेचा दाब कमी आणि पाण्यात मावणारा प्राणवायू पुस्तकी आकड्यापेक्षा सातेक टक्क्यांनी कमी. इथे २० अंशांच्या पाण्यात दर लिटरला जास्तीत जास्त साधारण ८.५ मिलिग्रॅम, २५ अंशांना ७.७, ३० ला ७ आणि ३५ ला ६.५. मुळांना ५-६ च्या खाली गेलेलं चालत नाही. त्यात पाणी दहा अंशांनी तापलं की मुळांचा श्वास जवळपास दुप्पट होतो. पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. एप्रिल-मे महिन्यांत मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजका वास यायला लागतो त्यामागे हे असतं. मूळकूज करणारा पायथियम गरम, गुदमरलेल्या पाण्यात पटकन पसरतो.

मुळं पाण्यातच लोंबकळत असतील, म्हणजे बादलीची किंवा तराफ्याची पद्धत असेल, तर छोट्या बादलीत दर ४-५ लिटर पाण्याला मिनिटाला १ लिटर हवा धरा. २०० लिटरला ४० लिटर हवेचा मॅग्नेटिक एअर पंप. एनएफटीच्या (पाइपमध्ये मुळांखालून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवण्याच्या पद्धतीच्या) पाइपमधून पाणी परत पडत असेल तर ते पडणंही हवाच देतं; तिथे २० लिटर पुरतात. परतीचा पाइप पाण्यात बुडवू नका. वीतभर वरून, दोन-तीन धारांत फुटून पडू द्या.

एअर पंप माशांच्या टाक्यांच्या दुकानात मिळतो. त्यावर लिहिलेली हवा मोकळ्या तोंडाची असते. नळीच्या टोकाचा एअर स्टोन, म्हणजे फुगे सोडणारा सच्छिद्र दगड, जितका खोल, तितकी ती कमी होत जाते, म्हणून साध्या पंपाला ५०-६० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोली देऊ नका. एका मोठ्या दगडापेक्षा चार छोटे, तळाशी पसरून ठेवलेले बरे. बुडबुड्याने पाण्याशी जितका वेळ आणि जितक्या पृष्ठभागाने संपर्क केला तितका प्राणवायू उतरतो, म्हणून बारीक फुगे हवेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळाचं पाणी वर येऊन पृष्ठभागाला भिडलं पाहिजे. एका कोपऱ्यात खळखळ आणि बाकी पाणी शांत, अशी टाकी बघायला जिवंत वाटते, पण लांबच्या मुळांना त्यातलं फार थोडं पोचतं.

पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला. लाईट गेली की नळीतून पाणी उलटं चढून पंपात शिरतं आणि पंप जळतो. पत्र्याखालच्या तापलेल्या कोपऱ्यात तो ठेवला तर तीच गरम हवा पाण्यात जाते, सावलीत ठेवा.

ठिबकचा व्हेंचुरी (वाहत्या पाण्याच्या दाबावर खत ओढून घेणारी जोडणी) हवा ओढायला लावण्याची कल्पना चांगली आहे, पण त्याला दोन्ही बाजूंच्या दाबात बराच फरक लागतो. कूलरच्या पंपावर तो हवा ओढतच नाही. अर्धा एचपीची मोटर असेल तरच त्याच्या नादी लागा.

पंपाची उष्णताही धरायला हवी. ४० वॅटचा बुडीत पंप चोवीस तास चालला तर त्याची सगळी वीज शेवटी उष्णता होते; ड्रममधून काहीच निघून गेली नाही असं धरलं तर २०० लिटर पाणी ४ अंशांनी तापेल. उन्हाळ्यात एनएफटीला १५ मिनिटं चालू, १५ बंद असा टायमर लावला तर हे अर्ध्यावर येतं. एअर पंपाला मात्र टायमर नको, तो दिवसरात्र चालू हवा.

गारवा हवा असेल तर ड्रम जमिनीत गळ्यापर्यंत पुरा. ते शक्य नसेल तर बाहेरून पांढरा रंग द्या आणि ओलं बारदान गुंडाळा. मार्च ते मे हवा कोरडी असते, बारदान छान काम करतं. पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. बर्फाच्या बाटल्यांचा हिशेब समजून घ्या: २०० लिटर पाणी ५ अंशांनी उतरवायला साधारण १० किलो बर्फ लागतो. दोन बाटल्यांनी एखादा अंश उतरतो, तोही दुपार सरेपर्यंत परत चढतो.

थंडीत उलटं. निफाडकडे पारा एक आकडी होतो तेव्हा उघड्यावरचं पाणी १२ अंशांच्या खाली जातं, स्फुरद उचललं जात नाही आणि पानांखाली जांभळट झाक येते. हे पाहून ००:५२:३४ वाढवू नका. ड्रम शेडच्या आत घ्या, झाका आणि रात्रीची हवा आतूनच ओढली जाईल असा पंप ठेवा.

लाईट जाते तिथे बॅटरीवर आपोआप सुरू होणारा डीसी एअर पंप ठेवाच. एनएफटीत मात्र नुसत्या हवेने भागत नाही, कारण मुळांखाली पाण्याचा पातळ पापुद्राच असतो. मे महिन्याच्या दुपारी तासाभराच्या बंदमध्ये रोपं माना टाकतात.

टाकीत काय टाकायचं नाही

जीवामृत, शेणस्लरी, गूळ, ताक. जमिनीत ज्यांना मान आहे ते टाकीत प्राणवायूचे वाटेकरी होतात. जिवाणू सेंद्रिय माल खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. उबदार पाण्यात एका रात्रीत तो तळाला जाऊ शकतो. ट्रायकोडर्मा (मूळकुजीवरची उपयुक्त बुरशी) देणार असाल तर हायड्रोजन पेरॉक्साइड देऊ नका, ते त्यालाही मारतं आणि लोहाचं चिलेटही मोडतं.

रोजची देखभाल

रोज सकाळी एकाच वेळी पातळी, ईसी, सामू आणि पाण्याचं तापमान लिहून ठेवा. पाणी घटलं आणि ईसी चढला तर रोपांनी पाणी जास्त प्यायलं. नुसतं पाणी घाला. ईसी उतरला तर ए आणि बी सारख्याच मापाने घाला, आधी ए, मग बी. उन्हाळ्यात लेट्यूसला ईसी १.२ च्या आसपास ठेवा, थंडीत १.६ पर्यंत चालतो. सामू रोज थोडा चढणं चांगलं लक्षण आहे, रोपं नायट्रेट उचलत आहेत. ६.३ पर्यंत हात लावू नका. सामू अचानक खाली यायला लागला तर आधी मुळं उचलून वास घ्या.

सामू सतत ६.५ च्या वर राहत असेल तर ईडीटीएचं लोह टिकत नाही आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. कठीण पाण्याला डीटीपीए किंवा ईडीडीएचएचं चिलेटेड लोह घ्या. ईडीडीएचएने पाणी लाल होतं, मुळांचा खरा रंग ओळखायला ती थोडी पाण्यात धुऊन बघावी लागतात.

दहा ते पंधरा दिवसांनी सगळं पाणी बदला, कारण ईसी बरोबर दिसला तरी आतलं प्रमाण बिघडलेलं असतं. सोडियम, सल्फेट साठतं आणि नायट्रेट, पालाश संपत जातं. जुनं पाणी नाल्यात सोडू नका, शेवटी ते गोदावरीलाच जातं. फुलझाडांना, पेरूला, बांधावरच्या शेवग्याला दुप्पट पाणी मिसळून घाला. रिकामा ड्रम ब्रशने घासा, दगड सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा आणि सकाळी पंपाला जोडून बादलीभर स्वच्छ पाण्यात फुंकून बघा. भिजवूनही एका बाजूनेच फुगे येत असतील तर तो दगड बदला.